दमट देशात बिऱ्हाड बसवताना

विषुववृत्ताच्या आसपास कुठे बदली झाली की सगळे आधी पगार आणि शाळा विचारतात, ते बरोबरच आहे म्हणा, पण माझं मत विचाराल तर पहिला प्रश्न हा की दिवसभर घरी कोण असणार. जो ऑफिसला जातो त्याचा दिवस एसीतून एसीत जातो, तिथे आयते ओळखीचे लोक मिळतात, अडलं तर एचआरवाला मिळतो, देश बदललाय हे त्याला संध्याकाळी घरी आल्यावर कळतं. जो घरी राहतो, बहुतेक वेळा बायको, हल्ली बऱ्याच घरांत नवराही, त्याच्या वाट्याला बुरशी, डास, प्लंबर, बँक, न कळणारी भाषा आणि शाळेतून तोंड पाडून आलेलं पोर असं सगळं येतं. म्हणून घर कुठे, गाडी घ्यायची की नाही, शाळा कुठली, हे निर्णय त्या माणसाच्या सोयीने घ्यायचे, ऑफिसपासूनच्या अंतराने नाही. ऑफिसवाल्याला अर्धा तास जास्त लागला तर लागू दे.

आणि "आम्हाला उकाड्याची सवय आहे" हे डोक्यातून काढून टाका. सवय असते ती कोरड्या उन्हाची, तिथे घाम येतो आणि वाळतो, वाळताना अंग थंड करतो. दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता गळत राहतो, थर्मामीटर ३२ दाखवतो आणि जीव मेटाकुटीला येतो, रात्रीही फारसा फरक नाही. शरीराला जुळवून घ्यायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, त्यामुळे पहिल्या पंधरवड्यात सामान लावणं, फर्निचरची दुकानं फिरणं, शाळा बघणं असं सगळं एकदम अंगावर घेऊ नका, मुलं चिडचिडी होतात आणि आपण त्यांच्याहून जास्त.

घर बघताना

एजंट घर दाखवतो तेव्हा एसी आधीच लावून ठेवलेला असतो, खिडक्या बंद, रूम फ्रेशनर मारलेला. तो एसी बंद करायला सांगा आणि थोडा वेळ तिथेच रेंगाळा, काहीतरी विचारत राहा, मग भिंतीतली कपाटं उघडून सरळ आत डोकं घाला. कुबट वास आला तर ते घर कितीही सुंदर असलं तरी सोडा. सिंकखालचं कपाट, पलंगामागची भिंत, छताचे कोपरे बघा, आणि चार भिंतींपैकी एकच भिंत ताजी रंगवलेली असेल तर का ते विचारा. बाथरूमला खिडकी नाहीतर चालू स्थितीतला एक्झॉस्ट फॅन हवाच. पश्चिमेकडे मोठ्या काचा असतील तर दुपारनंतर त्या खोलीत बसवत नाही, व्ह्यू कितीही भारी असो. कपडे कुठे वाळत घालायचे हेही आत्ताच विचारून घ्या, पावसाळ्यात धुतलेले कपडे दोन दोन दिवस दमट राहतात आणि मग तोच वास शाळेच्या युनिफॉर्मला येतो.

जमलं तर एकदा भर पावसात तिकडे जाऊन या, पाणी कुठे तुंबतं ते कुठलाच एजंट सांगत नाही. आणि घरी राहणाऱ्या माणसाने गेटपासून जवळच्या दुकानापर्यंत, बस थांब्यापर्यंत स्वतः चालून बघायचं, दुपारी बाराला. फुटपाथ आहे का, सावली आहे का, बाबागाडी जाते का. कारण रोज तेच करायचंय. फार देखणं पण आडबाजूचं घर घेऊन वर्षभरात हलवणारी कितीतरी कुटुंबं असतात, कारण एकच, गाडीशिवाय बाहेर पडता येत नाही आणि गाडी सकाळीच ऑफिसला गेलेली असते.

ओल, म्हणजे खरी लढाई

एक छोटा हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली ओल मोजायचं यंत्र, घ्या, स्वस्त मिळतो, बेडरूममध्ये ठेवा. अमेरिकेच्या ईपीएचा, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेचा, सल्ला असा की घरातली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवावी, जमलं तर ३० ते ५० च्या मधे. विषुववृत्ताजवळ रात्री बाहेर ती ९० च्या पुढेही जाते, त्यामुळे खिडक्या उघड्या टाकून "हवा खेळू दे" हा घरच्या मोठ्यांचा सल्ला इथे प्रत्येक वेळी चालत नाही, आत येणारी हवाच ओली असते. पाऊस थांबून ऊन आणि वारा असेल तेव्हा उघडा, एरवी बंद. एसीला ड्राय मोड असतो तो वापरा, नाहीतर एक डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र, घ्या आणि जिथे कपडे आहेत त्या खोलीत रोज काही तास चालवा, संध्याकाळी त्याच्या टाकीतलं पाणी बघितलं की विश्वास बसत नाही हे सगळं हवेत होतं. कुठे पाणी सांडलं, गळलं, गालिचा भिजला तर २४ ते ४८ तासांच्या आत कोरडं करायचं, त्यानंतर बुरशी धरतेच.

एसी फार थंड ठेवायचा मोह होतो, पण १८ वर ठेवलेल्या खोलीचं दार उघडलं की बाहेरची ओली हवा गार भिंतीवर दव धरते, आणि महिन्याभरात कपाटामागे काळे ठिपके. २५-२६ आणि वर पंखा हे जमतं, बिलालाही बरं. फिल्टर दर दोन आठवड्यांनी धुवायचा, एसीतून पाणी ठिबकायला लागलं तर बहुतेक वेळा ड्रेन पाइप चोक झालेला असतो, त्याला गॅस भरायची गरज नसते, मेकॅनिक सांगेल तरी आधी ड्रेन साफ करून बघायला सांगा.

फर्निचर भिंतीपासून चार बोटं लांब. कपाट ठासून भरायचं नाही. कपाटात ठेवायचे ते डबे मिळतात ना, कॅल्शियम क्लोराइडचे, ज्यात खाली पाणी साठतं, ते ठेवा पण लहान मुलांचा हात पोचणार नाही असे, ते पाणी अंगावर आणि चामड्यावर वाईट. पासपोर्ट, जन्मदाखले, मुलांच्या लसींची पुस्तकं, जुने फोटो हे झिप बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या घालून, आणि सगळ्याचं स्कॅन वेगळं. कॅमेऱ्याच्या लेन्सला आतून बुरशी येते, जाळीसारखी, ती साफ करणं महाग पडतं, तेव्हा ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट, नाहीतर निदान हवाबंद डब्यात जेल घालून ठेवा.

बुटांचं वेगळं सांगायला हवं कारण याची कुणालाच कल्पना नसते. थंड हवेतले, ट्रेकिंगचे, लग्नात घालायचे असे चांगले महागडे बूट आपण खोक्यात घालून वर ठेवून देतो, "सुट्टीत लागतील" म्हणून. वर्षा-दोन वर्षांनी काढले तर वरून अगदी नवे दिसतात, आणि घालून एअरपोर्टवर चालायला लागलं की तळवा चुऱ्यासारखा तुटून मागे सांडत जातो. ते वाळवीचं काम नाही. पॉलियुरेथेनचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचा, सोल दमट हवेत रासायनिकरीत्या विघटित होतो, आणि न वापरता ठेवला म्हणून वाचत नाही. रेक्झिनचा सोफा, खोट्या चामड्याच्या पर्स पापुद्रे सोडतात तेही बहुतेक याचमुळे. उपाय म्हणजे असलं सामान आणायचंच नाही, सोफा कापडी घ्या ज्याची खोळ निघते, आणि गावी जाताना लागणारे बूट गावीच ठेवा.

धान्य आणि पिठं आणली की आधी तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये, मग हवाबंद डब्यात, म्हणजे आत असलेली किड्यांची अंडी मरतात. मुंग्या तर पाचवीला पुजलेल्याच. पालींना मारू नका, किडे खातात बिचाऱ्या.

महिनाभर सुट्टीला जाणार असाल तर घर कडेकोट बंद करून जाऊ नका, परत आल्यावर पट्टे, पर्स, पुस्तकं सगळ्यावर हिरवट-पांढरी लव असते. कपाटांची दारं उघडी टाका, डिह्युमिडिफायरची नळी थेट बाथरूमच्या ड्रेनमध्ये सोडा, आणि शेजाऱ्याला किल्ली देऊन आठवड्यातून एकदा एसी-पंखे चालवायला आणि फ्लश ओढायला सांगा. फ्लशचं हसू नका, पुढे सांगते.

डास

डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो, मुख्यतः सकाळी आणि मावळतीच्या आधी, म्हणजे नेमकं मुलं स्कूल बसला उभी असतात तेव्हा आणि खाली खेळतात तेव्हा. रात्रीच्या मच्छरदाणीने तो आवरत नाही. तो गटारातच होतो असं नाही, त्याला स्वच्छ साठलेलं पाणी आवडतं: कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, एसीखाली ठेवलेली बादली, गच्चीवर विसरलेलं खेळणं, न वापरलेल्या बाथरूमचं कमोड, म्हणून तो फ्लश. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, तेव्हा आठवड्यातला एक वार ठरवा आणि घरभर फिरून पाणी ओता. नुसतं ओतून भागत नाही, कडा घासायच्या, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, पुन्हा पाणी आलं की उबतात. हे काम मुलांना द्या, अळ्या दिसल्या की त्यांना भारी मजा येते.

मुलाला अचानक जोराचा ताप, डोळ्यांमागे दुखणं, अंग मोडून येणं असलं की पॅरासिटामॉलच द्यायचं, डॉक्टरने डेंग्यू नाही म्हणेपर्यंत आयबुप्रोफेन किंवा अॅस्पिरिन नाही, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि ताप उतरला म्हणून सुस्कारा टाकू नका, डेंग्यूत खरी जोखीम ताप उतरायच्या सुमाराला असते, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. पोट जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, मूल सुस्त किंवा फार अस्वस्थ होणं, यातलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल. डेंग्यूचे चार प्रकार आहेत, एकदा झाला म्हणजे सुटलो असं नाही, दुसऱ्या प्रकाराचा झाला तर गंभीर व्हायची शक्यता जास्त असते.

मलेरियाचा डास संध्याकाळ ते पहाट, त्याला औषध लावलेली जाळी चालते. आफ्रिकेत वगैरे जाणार असाल तर प्रतिबंधक गोळ्यांचं डॉक्टरला आधी विचारा. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, सुट्टीत मायदेशी गेल्यावर ताप आला तर डॉक्टरने विचारलं नाही तरी आपणहून सांगायचं की आम्ही अमुक देशात राहतो, तिथल्या डॉक्टरच्या डोक्यात मलेरिया येईलच असं नाही. पिवळ्या तापाची लस ज्या देशांना लागते तिथे प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य होतं, विमानाच्या आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही. ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, त्यामुळे ते पिवळं पुस्तक हरवू नका.

क्रीमचा क्रम: आधी सनस्क्रीन, ते मुरलं की त्यावर डासांचं. दुपारी यूव्ही इंडेक्स, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचं माप, ११ च्या वर जातो, ढग असले तरी त्यातून बरंच आत येतं. मुलांना सोपा नियम सांगा, सावली आपल्यापेक्षा छोटी असेल तर सावलीत खेळायचं. गडगडाट ऐकू आला की पूलमधून बाहेर, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं पाण्यात नाही, यावर रोज वाद होतो आणि रोज घालायचा. घामोळ्यांना सैल सुती कपडे आणि वारा, पावडरचा थर नको. बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या ठेवा, नाहीतर गजकर्ण घरभर फिरतं.

घरी असणाऱ्याचं काय

आता मुद्द्याचं. पहिल्या आठवड्यात घरी राहणाऱ्याच्या नावाने स्वतंत्र सिम कार्ड आणि बँक खात्यात नाव, हे दोन्ही करून टाका, बाकी सगळं थांबलं तरी चालेल. का ते सांगते. वीज, इंटरनेट, शाळेचं अॅप, दवाखान्याची अपॉइंटमेंट, सगळं कमावणाऱ्याच्या नंबरवर उघडलेलं असतं. प्लंबर दारात उभा, पैसे ऑनलाइन भरायचेत, ओटीपी गेला नवऱ्याच्या फोनवर आणि नवरा मीटिंगमध्ये, फोन सायलेंट. शिकलेली, स्वतः नोकरी केलेली बाई तिथे हात चोळत उभी. हे रोज दोनदा झालं की माणूस खचतो, आणि मग भांडण होतं ते टॉवेल ओला ठेवल्यावरून.

व्हिसावर काम करता येतं का ते जायच्या आधी लेखी बघा, आणि नियम बदलतात हेही धरून चाला. सिंगापूरचंच बघा ना, १ मे २०२१ पासून डिपेंडंट पासवाल्यांना, म्हणजे नोकरदाराच्या जोडीने आलेल्या घरच्यांना, नोकरी करायची तर स्वतःचा वर्क पास लागतो, आधी नुसत्या परवानगीपत्रावर चालायचं, बऱ्याच घरांची गणितं त्यात बिघडली. काम जमणार नसेल तर आठवड्यातून दोन तरी ठरलेल्या वेळा अशा हव्यात की घराबाहेर कुणीतरी तुमची वाट बघतंय, भाषेचा वर्ग, पोहणं, वाचनालयात मदत, काहीही. "कधीतरी जाईन" यात वर्ष निघून जातं.

कल्चर शॉक, म्हणजे परक्या देशात गेल्यावर बसणारा मानसिक धक्का, त्याचे टप्पे कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडले, आणि कुठे, तर रिओ दि जानेरोच्या महिला क्लबातल्या भाषणात, म्हणजे नवऱ्यांच्या बदलीमुळे तिथे आलेल्या बायकाही समोर बसल्या असणार. शहरही उष्ण कटिबंधाच्या अगदी काठावरचं. मला हे फार आवडतं. त्याने सांगितलं की पहिले काही दिवस ते सहा महिने सगळं छान वाटतं, मग राग येतो, त्या देशाचाच राग, तिथले लोक, रांगा, हवा, सगळ्याचा. तेव्हा तो राग आला की काही बिनसलंय असं समजू नका, कॅलेंडर बघा. त्या काळात नोकरी सोडणं, शाळा बदलणं असे मोठे निर्णय नको. आमच्याकडे नियम होता की "परत जाऊया" हा विषय रात्री नऊनंतर काढायचा नाही. सकाळी काढा, सकाळी तो अर्धाच राहतो.

दिवस सगळे सारखे असतात हाही एक त्रास आहे आणि तो उशिरा कळतो. विषुववृत्ताजवळ वर्षभर दिवस साधारण बारा तासांचा, अंधार झटकन पडतो, ना थंडी ना पानगळ. फोटो बघून तो मार्चचा की ऑक्टोबरचा सांगता येत नाही, महिने एकमेकांत मिसळतात. म्हणून भिंतीवर मोठं कागदी कॅलेंडर लावा आणि दर महिन्याला एक तरी वेगळी गोष्ट आधीच लिहून ठेवा, डोंगरावर एक रात्र, थोडी गार हवा, फार फरक पडतो. झोपेच्या बाबतीत मात्र फायदा, उन्हाळ्यात उशिरापर्यंत उजेड आहे म्हणून झोपायचं नाही हा हट्टच उरत नाही.

मुलं आणि बाकीचे

शाळेत इंग्रजी, खाली खेळताना तिथली भाषा, तेव्हा घरात मराठीच, हे ठाम ठेवा, मूल इंग्रजीत उत्तर देईल, देऊ द्या, तुम्ही मराठीतच बोला. शाळेचं वर्ष कधी सुरू होतं ते बघा, काही देशांत जानेवारीत, बऱ्याच इंटरनॅशनल शाळांत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, मधेच गेलं तर मूल सहा महिने पुढे नाहीतर मागे पडतं. लहान असेल तर मागे पडलेलं बरं.

आईवडिलांच्या देशाबाहेर वाढणाऱ्या अशा मुलांना थर्ड कल्चर किड्स म्हणतात, हे नाव रूथ हिल यूसीम या समाजशास्त्रज्ञ बाईंनी दिलं, १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना. या मुलांना सगळ्यात जड जातं ते मित्र जाणं. करार दोन-तीन वर्षांचे असतात, शाळा संपली की दर वर्षी कुणीतरी जातंच. "नवीन मित्र मिळतील" असं लगेच म्हणू नका. निरोप नीट करू द्या, घरी बोलवा, एकत्र फोटो, पत्ता, पुढचा व्हिडिओ कॉल कधी ते तारखेसकट ठरवा. आणि जाणारं तुमचं मूल असेल तर कुणाशी भांडण राहिलं असेल ते मिटवूनच निघू द्या.

घरकामाला राहती बाई ठेवणं अनेक दमट शहरांत सहज जमतं आणि आपल्याला त्याचा थोडा संकोच, थोडा चस्का लागतो. लेखी करार करा, सुट्टीचा दिवस म्हणजे सुट्टी, पगार खात्यात, तिचा पासपोर्ट तिच्याकडेच. सिंगापूरमध्ये १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला निदान एक सुट्टी अशी द्यावीच लागते की जी पैसे देऊन टाळता येत नाही. मुलांना स्वतःचं ताट उचलायला लावा, नाहीतर परत गेल्यावर तुमचे हाल.

आजी-आजोबांचा कॉल "वेळ मिळेल तसा" ठेवू नका, वार आणि वेळ ठरवा, दोन्हीकडच्या घड्याळात लिहून. मुलं कॅमेऱ्यासमोर "बोल ना काहीतरी" म्हटल्यावर गप्प होतात, त्यापेक्षा आजोबांनी एक गोष्ट वाचायची, रोज पुढचं पान. ते भेटीला येणार असतील तर पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त आहे ना बघा, रोजची औषधं प्रिस्क्रिप्शनसकट हातातल्या बॅगेत, प्रवासाचा विमा घेताना जुने आजार लपवू नका, आणि पहिले तीन दिवस त्यांना कुठेही फिरायला नेऊ नका, पंख्याखाली बसू द्या, पाणी द्या, ते "आम्ही ठणठणीत आहोत" म्हणाले तरी.